वजन उतरलं, पोटाची कातडी लोंबतेय: कोणती शस्त्रक्रिया कोणासाठी?

चाळीस-पन्नास किलो वजन उतरवलेली माणसं प्लास्टिक सर्जनकडे जातात तेव्हा बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं: "टमी टक करायचंय." शस्त्रक्रियेचं नाव पक्कं, पण आपल्या पोटात नेमकं काय बिघडलंय याचा पत्ता नाही, असा हा उलटा कारभार. सैल पोटासाठी एक नव्हे, पाच-सहा वेगवेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. त्यातली कोणती लागू पडेल हे तीन गोष्टींवर ठरतं: कातडी कोणत्या दिशेने जास्त आहे, आतले स्नायू फाकलेत का, आणि तुम्हाला छळतंय ते काय, पुरळ आणि ओझं की कपड्यातला आकार. ही तीन उत्तरं मिळाली की नाव शोधावं लागत नाही. म्हणून आधी पोट बघू, नावं नंतर.

## व्यायामाने का जात नाही

"अजून थोडा व्यायाम केला असता तर आवळलं असतं" हे वाक्य वजन उतरवलेल्या जवळपास प्रत्येकाने ऐकलेलं असतं. त्यात तथ्य नाही. कातडी ताणली गेल्यावर परत आवळते ती कोलॅजेन आणि इलॅस्टिन या तंतूंमुळे. वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीत हे तंतू तुटतात, विस्कटतात, आणि चरबी गेली तरी पूर्वीसारखे जुळत नाहीत. व्यायामाने खालचा स्नायू घट्ट होतो, वरची कातडी नाही. वजन किती वर्षं जास्त होतं, वय काय, बाळंतपणं झालीत का, धूम्रपान आहे का आणि आनुवंशिकता कशी आहे, यावर कातडी कितपत सावरेल हे अवलंबून असतं. म्हणून तितकंच वजन उतरवलेल्या दोघांची पोटं सारखी नसतात.

क्रीम, पट्टे आणि मसाज यांनी लोंबती घडी वर जात नाही. रेडिओफ्रिक्वेन्सीसारख्या यंत्रांचा उपयोग अगदी हलक्या सैलपणापुरता. मुठीत मावेल इतकी कातडी लोंबत असेल तर त्यावर पैसे घालवू नका. नुसत्या लायपोसक्शनचं तर उलटच होतं. ते चरबी ओढून काढतं, कातडी तशीच ठेवतं, आणि मग आधीच सैल असलेलं पोट आणखी लोळतं.

## आरशासमोर पाच मिनिटं

डॉक्टरकडे जाण्याआधी घरी एवढं बघून घ्या. निदान डॉक्टरच करतील, पण प्रश्न विचारायला तुम्ही तयार असाल.

सरळ उभे राहा आणि घडी कुठपर्यंत येते ते पाहा. सर्जन लोंबत्या पोटाच्या पाच श्रेणी धरतात. पहिल्या श्रेणीत घडी जननेंद्रियांवरच्या केसांच्या रेषेपर्यंत येते, दुसऱ्या श्रेणीत जननेंद्रियं झाकते, तिसऱ्यात मांडीच्या वरच्या भागावर, चौथ्यात मांडीच्या मध्यावर आणि पाचव्यात गुडघ्यापर्यंत किंवा त्याखाली. कागदपत्रात ही श्रेणी लिहिलेली दिसेल, तेव्हा गोंधळू नका.

आता दोन्ही हातांनी चिमटीत कातडी धरा. बेंबीच्या खाली वरून-खाली अशी आडवी घडी धरली तर बहुतेकांच्या हातात भरपूर कातडी येते. खरी परीक्षा बेंबीच्या वर आहे. छातीच्या हाडाखाली, मधोमध, डावी-उजवी कातडी एकत्र आणून उभी घडी धरून पाहा. तिथेही जाड पट्टा हातात आला तर तुमची कातडी दोन दिशांनी जास्त आहे, आणि फक्त खालचा आडवा तुकडा कापून काम भागणार नाही. पुढे वाकून पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं, कारण उभं असताना सपाट वाटणारं वरचं पोट वाकल्यावर खाली लोंबतं.

मग उताणे झोपा आणि मान उचला. मध्यरेषेत उभा उंचवटा वर आला तर पोटाचे दोन सरळ स्नायू एकमेकांपासून लांब गेलेत. एखाद्याच जागी, विशेषतः जुन्या टाक्यांच्या व्रणाजवळ, मऊ फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो. तो स्वतः दाबत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. उताणे झोपल्यावरही पोट बरगड्यांच्या वरच राहत असेल तर चरबी आतड्यांभोवती आहे, कातडीखाली नाही. अशा पोटाची कातडी कितीही काढली तरी ते सपाट होत नाही. तिथे आधी वजनच आणखी उतरावं लागतं, आणि हे स्पष्ट सांगणारा सर्जन चांगला समजावा.

शेवटी आरशाकडे पाठ करा. कमरेच्या बाजूंवर आणि पाठीवर वळ्या आहेत का, नितंब खाली उतरलेत का? असतील तर पोट हा फक्त पुढचा अर्धा भाग आहे.

याच वेळी समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. घडीखाली पुरळ येत असेल तर प्रत्येक वेळी तारखेसह फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपा. विमा कंपन्या शोभेची शस्त्रक्रिया आणि त्रासासाठीची शस्त्रक्रिया यांत फरक करतात, आणि त्रास सिद्ध करायला महिनोन्‌महिन्यांची नोंद लागते.

## आता नावं

पॅनिक्युलेक्टॉमी. लोंबणारी घडी कापून टाकायची, एवढंच हिचं काम. वरचं पोट घट्ट होत नाही, स्नायू शिवले जात नाहीत आणि बेंबीची जागा सहसा बदलत नाही. ही सौंदर्यासाठी नाहीच. घडीखाली सतत बुरशीचा संसर्ग, जखमा, दुर्गंध, चालताना ओझं, स्वच्छता ठेवता न येणं, यासाठी ती आहे. १८९९ साली अमेरिकेत हॉवर्ड केली या स्त्रीरोगतज्ज्ञांनी अशा शस्त्रक्रियेची नोंद केली. म्हणजे या सगळ्या प्रकाराची सुरुवात दिसण्यासाठी नव्हे, ओझं उतरवण्यासाठी झाली. वजन अजून बरंच जास्त आहे, इतर आजार आहेत, पण पुरळाने जगणं नकोसं झालंय, अशांना बहुतेकदा हीच सुचवली जाते. विम्यातून काही मिळण्याची शक्यताही हिलाच सर्वांत जास्त. एक मात्र आधीच समजून घ्या: शस्त्रक्रियेनंतर ओझं जाईल, पण पोट टमी टकसारखं दिसणार नाही. नंतर होणारी निराशा बरेचदा याच गैरसमजातून येते.

ॲब्डोमिनोप्लास्टी, म्हणजे टमी टक. ओटीपोटावर एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा छेद घेतात. कातडी आणि चरबी खालच्या आवरणापासून बरगड्यांपर्यंत सोडवतात, फाकलेले स्नायू मधोमध टाके घालून जवळ आणतात, मग कातडी खाली ओढून जादा भाग कापतात. बेंबी आपल्या देठासह जागेवरच राहते, तिच्यासाठी वरच्या कातडीत नवं भोक पाडतात. ज्यांची कातडी मुख्यतः वरून-खाली जास्त आहे आणि बेंबीच्या वर उभी घडी फारशी येत नाही, त्यांच्यासाठी ही उत्तम. भूल देण्यापासून शिवण्यापर्यंत साधारण दोन ते चार तास.

फ्लर-द-ली ॲब्डोमिनोप्लास्टी. नाव भारदस्त, कल्पना सोपी: आडव्या छेदाबरोबर छातीच्या हाडाखालून ओटीपोटापर्यंत उभाही छेद घ्यायचा, म्हणजे कातडी खालूनही निघते आणि बाजूंनीही. ही पद्धत १९६७ साली मांडली गेली, आणि भरपूर वजन उतरवलेल्यांसाठी माझ्या मते हिचा विचार व्हायला हवा तितका होत नाही, कारण पोटाच्या मधोमध कायमचा उभा व्रण राहतो हे ऐकूनच लोक मागे हटतात. पण बेंबीच्या वर हातात उभा पट्टा येतो त्यांना साधी टमी टक केली की खालचं पोट सपाट आणि वरचं सैल असा विचित्र प्रकार उरतो. व्रण कपड्याखाली जातो, सैलपणा मात्र कपड्यातूनही दिसतो. ज्यांच्या पोटावर आधीच्या उघड्या शस्त्रक्रियेचा उभा व्रण आहे त्यांचा तर तो जुना व्रण याच छेदात निघून जातो. कच्ची जागा एकच: उभा आणि आडवा छेद जिथे मिळतात तो खालचा टोकाचा बिंदू. तिथे रक्तपुरवठा सर्वांत कमी, त्यामुळे जखम उघडण्याची शक्यता तिथे जास्त.

बेल्ट लायपेक्टॉमी किंवा लोअर बॉडी लिफ्ट. छेद कमरेभोवती पूर्ण गोल जातो. पोट, कमरेच्या बाजू, पाठीच्या खालच्या वळ्या, नितंब आणि मांडीची बाहेरची बाजू एकाच वेळी वर खेचली जाते. रुग्णाला भूल असतानाच पालथं आणि उताणं करावं लागतं, पाच ते आठ तास लागू शकतात, दवाखान्यातला मुक्कामही लांबतो. सगळीकडून सैल असलेल्यांना आकाराच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक हिच्यातच दिसतो आणि गुंतागुंतही हिच्यातच सर्वांत जास्त. काही सर्जन ती दोन टप्प्यांत करतात, आधी पुढचं आणि काही महिन्यांनी मागचं. तब्येत तोळामासा असेल तर दोन टप्पेच बरे.

बाकीची नावं थोडक्यात. मिनी टमी टक फक्त बेंबीखालच्या थोड्या सैलपणासाठी असते, मोठ्या वजनघटीनंतर ती जवळपास कधीच पुरत नाही. रिव्हर्स ॲब्डोमिनोप्लास्टीत छेद स्तनांच्या खालच्या घडीत घेऊन वरचं पोट वर ओढतात, बहुतेकदा आधीच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या सैलपणासाठी. जननेंद्रियांवरचा मांसल भागही वजनघटीनंतर लोंबतो. तो त्याच शस्त्रक्रियेत वर उचलता येतो, पण लोक लाजेने विचारत नाहीत आणि मग सपाट पोटाखाली तो फुगवटा उठून दिसतो. लाजू नका, विचारा. आणि लायपोसक्शन? एकट्याने नाही, पण टमी टकच्या जोडीला बाजूंची चरबी कमी करायला ते उपयोगी पडतं.

## केव्हा करायची

वजन उतरणं थांबलेलं आणि किमान तीन ते सहा महिने स्थिर असलं पाहिजे. बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठीची जठरावरची शस्त्रक्रिया झाली असेल तर ती झाल्यापासून साधारण बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात, कारण या काळात वजनही उतरत असतं आणि शरीरात पोषणाचा तुटवडाही असतो. आत्ता घट्ट केलेलं पोट आणखी पंधरा किलो उतरल्यावर पुन्हा सैल पडेल. इंजेक्शनने वजन उतरवणाऱ्यांनी स्वतःला प्रामाणिकपणे विचारावं की औषध थांबवायचा विचार आहे का. असेल तर ते थांबवल्यावर वजन कुठे टिकतं ते आधी बघावं.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३० च्या आत असेल तर निकाल चांगला आणि धोका कमी. ३५ च्या वर बरेच सर्जन टमी टक टाळतात आणि त्रास असेल तर पॅनिक्युलेक्टॉमीपुरतं बोलतात. पुढे मूल हवं असेल तर बाळंतपण आधी, शस्त्रक्रिया नंतर. शिवलेल्या स्नायूंवर गर्भारपण धोक्याचं नसतं, पण केलेलं काम त्यात वाया जाऊ शकतं.

थांबण्याच्या काळात घडीखालची कातडी सांभाळा. रोज धुवा, घासू नका, टिपून कोरडी करा. हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून फिरवला तर घडीच्या तळापर्यंत कोरडं होतं. मऊ सुती कापड घडीत ठेवा आणि ओलं झालं की बदला. पावडर थापू नका, घामात तिचे गोळे होऊन कातडी सोलते. लाली, जळजळ, कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या तर ती बहुधा बुरशी असते, त्यावर डॉक्टरांनी दिलेलंच मलम लावा. संसर्ग चालू असताना शस्त्रक्रिया होत नाही.

## तयारी: खरी लढाई इथे

सर्जनचा हात कितीही चांगला असो, जखम भरून येते ती तुमच्या रक्तातल्या मालमसाल्यावर. भरपूर वजन उतरवलेल्यांच्या शरीरात नेमका त्याचाच खडखडाट असू शकतो, वरून माणूस ठणठणीत दिसत असला तरी. म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), बी१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, झिंक आणि मधुमेह असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) या तपासण्या शस्त्रक्रियेच्या दोन-तीन महिने आधी करून घ्या, आठवडाभर आधी नव्हे. लोह कमी निघालं तर ते भरून यायला वेळ लागतो. गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून ते आतड्याच्या पुढच्या भागाला जोडायची शस्त्रक्रिया) झालेल्यांच्या आतड्यात लोहाच्या गोळ्या अनेकदा नीट शोषल्या जात नाहीत, त्यांना शिरेतून लोह द्यावं लागू शकतं. प्रथिनं दिवसाला ६० ते १०० ग्रॅमच्या दरम्यान जायला हवीत, नेमका आकडा आहारतज्ज्ञ ठरवतील. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा मनाने वाढवू नका.

तंबाखू. यावर तडजोड नाही. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि टमी टकमध्ये वर उचललेली कातडी मोजक्या रक्तवाहिन्यांवर तगून असते. त्या आखडल्या की कातडीचा तुकडा काळा पडून मरतो. शस्त्रक्रियेच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतर किमान चार आठवडे सगळं बंद: सिगारेट, ई-सिगारेट, चघळायची तंबाखू. निकोटीनचे पॅच आणि गमही विचारल्याशिवाय वापरू नका. अनेक सर्जन लघवीची किंवा रक्ताची तपासणी करून खात्री करतात. खोटं बोलून सुटलात तर फसवणूक तुमच्याच पोटाची.

औषधांची पूर्ण यादी द्या, आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेली पूरकंही त्यात धरा. रक्त पातळ करणारी औषधं, गर्भनिरोधक गोळ्या आणि हार्मोन्स यांबद्दल स्वतंत्र सूचना मिळतील. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड ही वजन उतरवायची औषधं घेत असाल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. या औषधांनी जठर हळू रिकामं होतं आणि भूल देताना पोटातलं अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. स्वतःहून बंद करू नका, पण लपवूही नका. बायपास झालेल्यांनी आणखी एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून न्यावी: आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची औषधं तुम्हाला सहसा चालत नाहीत, जठराच्या जोडावर व्रण होऊ शकतो. नव्या दवाखान्यात हे कुणाच्या लक्षात राहीलच असं नाही.

जुने व्रणही दाखवा. सिझेरियनचा व्रण बहुधा कापल्या जाणाऱ्या भागात जातो. उजव्या बरगडीखाली पित्ताशयाच्या उघड्या शस्त्रक्रियेचा तिरपा व्रण असेल तर मात्र कातडीचा रक्तपुरवठा तिथे आधीच तुटलेला असतो, आणि सर्जनला आखणी बदलावी लागते.

## सर्जनला काय विचारायचं

प्लास्टिक सर्जरीचं रीतसर प्रशिक्षण आणि नोंदणी आहे का, एवढं बघणं हा पाया. त्याच्या पुढचा प्रश्न: मोठ्या वजनघटीनंतरच्या किती रुग्णांवर तुम्ही काम करता? बाळंतपणानंतरचं पोट आणि साठ किलो उतरल्यानंतरचं पोट ही दोन वेगळी कामं आहेत. व्रण नेमका कुठून कुठे जाईल ते स्वतःच्या पोटावर बोटाने दाखवायला सांगा. ड्रेन (साचलेलं पाणी बाहेर काढणारी नळी) घालणार का, रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी काय देणार, दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागली तर खर्च कुणाचा, आणि रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कोण उचलेल, हेही विचारा. फोटो दाखवताना तुमच्यासारख्या बांध्याचे, वर्षभरानंतरचे फोटो मागा. सहा आठवड्यांचा फोटो फार काही सांगत नाही.

पोट, हात, मांड्या, छाती, सगळं एकदम करून देतो असं कुणी सांगत असेल तर सावध व्हा. भुलेखालचे तास वाढले की धोकाही वाढतो.

## शस्त्रक्रियेचा दिवस

आखणी उभ्याने होते, कारण झोपल्यावर कातडी बाजूला सरकते आणि हिशेब चुकतो. तुम्ही अंतर्वस्त्रात उभे, सर्जन समोर स्टुलावर, हातात जाड मार्कर. आधी मध्यरेषा: छातीच्या हाडापासून बेंबीतून खाली. मग तुम्हाला दोन्ही हातांनी पोट वर उचलून धरायला सांगतील आणि घडीखालची रेषा आखतील, जिथे व्रण बसणार आहे. मग सोडा म्हणतील, चिमटीत कातडी धरून वर कुठपर्यंत कापता येईल ते पाहतील, खुणा करतील, मागे सरून दोन्ही बाजू समान आहेत का ते बघतील, पुसतील, परत आखतील. नेहमीची अंतर्वस्त्रं कुठे बसतात ते याच वेळी सांगा. शाई पुसायच्या आत. एकदा भूल चढली की मत द्यायला तुम्ही नसता.

## पहिले दोन आठवडे

जाग येईल तेव्हा पलंगाची पाठ वर आणि गुडघ्यांखाली उशा असतील. हीच घडी घातलेली स्थिती घरीही ठेवायची, म्हणजे टाक्यांवर ओढ येत नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला लावतील, कमरेत वाकून. ही चाल टाळू नका. पायातल्या रक्ताच्या गुठळ्या टाळण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. जोडीला पायमोजे आणि गरजेप्रमाणे रक्त पातळ करणारी इंजेक्शनं असतील. पाठ सरळ व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धरून खोका. दुखण्याच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो, तेव्हा शौच नरम ठेवणारं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. शौचाला कुंथणं टाक्यांना परवडत नाही.

घरी ड्रेन येतील. पोटातून निघालेली बारीक नळी आणि टोकाला दाबलेला प्लास्टिकचा फुगा, एवढंच ते. रिकामा करताना हात धुवा. एका हाताच्या चिमटीत नळी अंगाजवळ घट्ट धरा, म्हणजे टाक्याला ओढ बसणार नाही, आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी नळी दाबत फुग्याकडे सरका. आत अडकलेली लाल गाठ तुम्हाला सरकताना दिसेल. फुग्याचं झाकण उघडा, मापाच्या पेल्यात ओता, डोळ्यांच्या पातळीवर धरून मिलिलिटर वाचा. मग फुगा पूर्ण चेपा आणि चेपलेला असतानाच झाकण लावा. चेपायचं विसरलात तर तो ओढणारच नाही, नुसता लटकेल. वही करा: तारीख, वेळ, डावा किती, उजवा किती, रंग कसा. लालपासून गुलाबी, मग पिवळसर पाण्यासारखा असा क्रम बरोबर. चोवीस तासांत एका ड्रेनमध्ये ३० मिलिलिटरपेक्षा कमी आलं की बहुतेक सर्जन तो काढतात.

पहिला आठवडा घरात मदतीला मोठं माणूस हवंच. लहान मूल असेल तर त्याला उचलून घेणं सहा आठवडे बंद, मन कितीही ओढलं तरी. पाच किलोच्या वर काहीच उचलायचं नाही.

## काय बिघडू शकतं

छोट्या गुंतागुंती मोठ्या वजनघटीनंतरच्या रुग्णांमध्ये इतरांपेक्षा जास्त दिसतात, हे आधीच मान्य करून चला. सर्वांत नेहमीची म्हणजे सिरोमा: कातडीखाली पाणी साचतं, पोट हलवलं की पाण्याची पिशवी हलल्यासारखं वाटतं. ओपीडीत सुईने काढतात, कधी कधी दोन-चार वेळा. जखम एखाद्या बिंदूला उघडते, ड्रेसिंग करत राहिलं की आतून भरून येते, पण आठवडे लागतात. संसर्ग, रक्त साचणं, कातडीची कड काळी पडणं, बेंबीला नीट रक्त न मिळणं हेही होऊ शकतं. बेंबीखालचा पट्टा बधिर होतो, संवेदना महिन्यांनी येते आणि काही जागी कधीच येत नाही. म्हणून त्या भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळणार नाही.

थेट आपत्कालीन विभाग गाठायचा तो या वेळी: एका पोटरीत सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त. या गुठळीच्या खुणा आहेत आणि त्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही येऊ शकतात. पोटाची एक बाजू काही तासांत टणक फुगली, ड्रेनमध्ये एकदम ताजं लाल रक्त भरू लागलं, किंवा ताप येऊन जखमेतून घाण वास सुटला, तर सकाळची वाट न बघता सर्जनला फोन करा.

## पुढचे महिने

घट्ट बसणारा काँप्रेशनचा कपडा साधारण सहा आठवडे, बहुतेक वेळ. दोन जोड घ्या, एक धुवायला एक अंगावर. खुर्चीतलं काम दोन ते चार आठवड्यांनी, अंगमेहनतीचं सहा ते आठ आठवड्यांनी. गाडी चालवायची ती जोराच्या दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्यावर आणि अचानक ब्रेक दाबताना पोट आडवं येत नसेल तेव्हाच. स्नायू शिवले असतील तर पोटाचे व्यायाम सर्जनने हिरवा कंदील दाखवेपर्यंत नाहीत.

सूज संध्याकाळी वाढते, सकाळी उतरते, आणि हा खेळ तीन ते सहा महिने चालतो. दुसऱ्या महिन्यात संध्याकाळी आरशात पाहून निकाल लावू नका. व्रण आधी लाल, जाडसर, खाजरा होतो. मग फिका आणि मऊ पडायला बारा ते अठरा महिने घेतो. जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनच्या पट्ट्या किंवा जेल, आणि उन्हापासून झाकणं, एवढे उपाय कामाचे. ज्यांना आधीचे व्रण उंच, पसरट झाले आहेत त्यांनी ते सर्जनला आधीच सांगावं. मग खबरदारी लवकर सुरू करता येते.

छेदाच्या दोन टोकांना कातडीचे छोटे कोंब उरतात, त्यांना डॉग इअर म्हणतात. काही आपोआप बसतात. जे बसत नाहीत ते जागेपुरती भूल देऊन अर्ध्या-पाऊण तासात काढता येतात, पण त्यासाठी किमान सहा महिने थांबा, सूज जाऊ द्या. बेल्ट लायपेक्टॉमी किंवा फ्लर-द-ली करणाऱ्यांनी अशा छोट्या दुरुस्तीचा खर्च आणि सुट्टी पहिल्याच दिवशी हिशेबात धरावी. मांड्या किंवा दंड पुढच्या यादीत असतील तर दोन मोठ्या शस्त्रक्रियांमध्ये साधारण तीन ते सहा महिन्यांचं अंतर ठेवतात, आणि प्रत्येक वेळी हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन नव्याने तपासून मगच तारीख घेतात.